पाटी

दुकानाची अगर कचेरीची पाटी उतरवितांना तुम्हीं कधीं पाहिलें आहे काय? चढवितांना पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या वेळीं नारळ फुटतो, पेढे वांटले जातात, आणि एखादे प्रतिष्ठित गृहस्थ दोन शब्द बोलावयास उठतात ते वीस मिनिटें बसत नाहींत. उतरविण्याचा समारंभ मात्र कोणी करीत नाहीं. एक मजूर शिडीवर चढतो, चार खिळे उपसतो, आणि पाटी खालीं येते. मागें भिंतीवर एक लांबट चौकोन राहतो. भिंतीचा मूळचा रंग कोणता होता हें त्या चौकोनावरूनच कळतें. कारण तेवढीच जागा इतकीं वर्षें ऊनपावसापासून वांचलेली असते.

असा एक चौकोन माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतों, ज्या बँकेंत वीस वर्षें नोकरी करीत होता, तिची ती पाटी. ती बँक एका मोठ्या बँकेंत विलीन झाली. 'विलीन' हा शब्द मोठा काव्यमय आहे. नदी सागरांत विलीन होते, सूर मैफलींत विलीन होतो; पण बँक विलीन होते तेव्हां कोणाची तरी ज्येष्ठता, कोणाची तरी खुर्ची आणि बाजारांतून जातांना मिळणारा कोणाचा तरी नमस्कार त्या लाटेखालीं जात असतो.

दादाची बँक कोणती, हें सांगण्याचें कारण नाहीं. जें त्याच्या वाट्याला आलें तें त्या दिवसांत शेंकडोंच्या वाट्याला आलें. सप्टेंबर २००६ मध्यें कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेंत गेली. ऑक्टोबरांत साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आय.डी.बी.आय.मध्यें गेली. पुढच्या एप्रिलांत, १९१६ सालीं स्थापन झालेली सांगली बँक आय.सी.आय.सी.आय. बँकेंत गेली. कृष्णाकांठच्या मुलखांतल्या तीन जुन्या नांवांवर सात-आठ महिन्यांत पडदा पडला. आमच्याकडे ह्या बँका म्हणजे नुसत्या पैसे ठेवण्याच्या जागा नव्हत्या. 'मुलगा बँकेंत आहे' एवढें वाक्य उच्चारलें कीं मुलीचे वडील पुढची चौकशी आटोपती घेत. त्या वाक्यांत पगारापेक्षां भरंवसा अधिक असे.

दादा त्या वेळीं एक्केचाळीस वर्षांचा होता. तालुक्याच्या शाखेचा मॅनेजर. नव्या बँकेकडून जो अधिकारी आला तो वयानें दहा-बारा वर्षांनीं लहान, पण बोलण्यांत अत्यंत सभ्य. त्यानें नम्रपणें विचारलें, "आपल्याकडे नक्की कोणतं काम असतं?" प्रश्नांत कांहीं वावगें नव्हतें. परंतु ज्याच्याकडे सारा तालुका कामें घेऊन येत होता, त्याला हा प्रश्न आजवर कोणीं विचारलाच नव्हता. त्या रात्रीं दादा जेवला नाहीं.

चार दिवसांनीं तो माझ्याकडे आला. हातांत विलीनीकरणाच्या योजनेची छापील नक्कल होती.

"तूं इंग्रजीचा प्राध्यापक," तो म्हणाला. "ह्या एका वाक्याचा अर्थ सांग."

वाक्य असें लांबलचक होतें कीं मिल्टनलाही वाटेंत दम खावा लागला असता. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमाखालीं अडचणींत आलेली बँक दुसऱ्या बँकेच्या हवालीं करतां येते, आणि नोकरांचें काय व्हावें हें त्याच कलमांत सांगितलेलें आहे. जुन्या बँकेचे नोकर त्याच पगारावर व त्याच अटींवर नव्या बँकेंत राहतात. आणि उशिरांत उशिरा तीन वर्षांच्या आंत त्यांना नव्या बँकेंतल्या त्याच दर्जाच्या नोकरांइतका पगार द्यावा लागतो. येथवर सारें ठीक आहे. पण वाक्याला एक शेपूट आहे : त्यांची पात्रता आणि अनुभव समान अगर समकक्ष असल्यास.

मीं तें वाक्य दोनदां वाचलें आणि वर्गांत देतों तसा निकाल दिला. "दादा, सगळी मेख ह्या 'समकक्ष' शब्दांत आहे. समकक्ष कोण, हें ठरवणार ते. तुझ्या वीस वर्षांना ते दहा म्हणतील, आणि तूं तीन वर्षं उमेदवारासारखा ताटकळत बसशील. स्वाभिमानी माणसानं राजीनामा द्यावा."

एवढ्यावर मी थांबलों नाहीं. लगेच कागद ओढून राजीनाम्याचा मसुदाच लिहून दिला. खरें सांगतों, इतकें चांगलें इंग्रजी मीं आयुष्यांत क्वचितच लिहिलें असेल. त्यांत खेद होता पण काकुळती नव्हती. अभिमान होता पण उद्धटपणा नव्हता. एक अर्धविराम तर मीं असा कांहीं साधला होता कीं त्याच्यासाठीं कोणींही नोकरी सोडावी! दादाला दोन मुलें होतीं, घराचें कर्ज फिटावयाचें होतें. पण माझ्या मसुद्यांत त्यांना कोठेंच जागा नव्हती.

आज विचार करतां वाटतें, त्या कागदांत दादाच्या स्वाभिमानापेक्षां माझाच अधिक होता. 'आमचे बंधु मॅनेजर आहेत' हें वाक्य मी कित्येक वर्षें सहज म्हणून वापरीत आलों होतों. त्या वाक्याचा आधार जाणार, ह्याचा राग मला आला होता. दुसऱ्याला त्याच्या मानासाठीं त्याग करावयास सांगणें फार सोपें असतें; विशेषतः आपला पगार महिन्याच्या एक तारखेला ठरल्याप्रमाणें येत असेल तेव्हां.

आमचे अप्पा त्या वेळीं त्र्याहत्तर वर्षांचे होते. झोपाळ्यावर बसून ते आमचें बोलणें ऐकत होते. त्यांनीं हात पुढें केला, मसुदा वाचला, नीट घडी घातली आणि दादाला परत दिला.

"अक्षर छान आहे," ते म्हणाले. माझ्या इंग्रजीवर एवढाच अभिप्राय! मग झोपाळ्याला पायानें हलकासा झोंका देऊन ते दादाला म्हणाले, "अरे, पाट्या दोन असतात. एक दारावरची आणि एक मांडीवरची. दारावरची गेली, म्हणजे मांडीवरची घ्यायची."

अप्पांना हें बोलण्याचा अधिकार होता. १९ जानेवारी १९५६ च्या रात्रीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवर बोलले आणि आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यांत घेत असल्याचें त्यांनीं जाहीर केलें. अप्पा तेव्हां तेवीस वर्षांचे. एका लहानशा विमा कंपनींत कारकून. त्याच वर्षीं १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें, आणि १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या व ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा एकूण २४५ संस्था त्यांत सामावल्या. अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं साताऱ्यास काढलेली वेस्टर्न इंडिया कंपनीही त्यांतच गेली. म्हणजे एका वर्षांत २४५ पाट्या उतरल्या! आज आपण एखाद्या कंपनीच्या विक्रीची बातमी वाचून हळहळतों; त्या सालीं तर एक अख्खा धंदाच धन्यासह बदलला.

जुन्या कंपनींत अप्पांचें काम विमेदारांना पत्रें लिहिण्याचें होतें. कोणाचा हप्ता कोणत्या महिन्यांत हटकून चुकतो, कोणाला कडक पत्र चालतें आणि कोणाला त्याचा राग येतो, कोणा म्हाताऱ्याला मोडींत लिहिलें तरच समजतें, हें त्यांना तोंडपाठ होतें. नव्या महामंडळाच्या प्रचंड पसाऱ्यांत ह्या ज्ञानाला लगेच खातें नव्हतें. पहिलें वर्षभर त्यांच्या वाट्याला जावक टपाल आलें. त्यांनीं मुकाट्यानें तिकिटें चिकटविलीं आणि रात्रीं कंदिलाशीं बसून विम्याच्या परीक्षांचा अभ्यास केला. मग हळूहळू एक गोष्ट घडूं लागली. जुन्या कंपन्यांनीं दिलेल्या पॉलिसींचे दावे येऊं लागले. कागद निरनिराळ्या कंपन्यांचे, अटी निरनिराळ्या, वारसांचीं नांवें बदललेलीं, पत्ते वीस-वीस वर्षांपूर्वींचे. ते कागद समजून घेणार कोण? ज्याला जुनें ठाऊक होतें आणि ज्यानें नवें शिकून घेतलें होतें, तोच. अप्पांचें टेबल टपालाच्या खोलींतून दाव्यांच्या विभागांत गेलें, आणि निवृत्तीपर्यंत पस्तीस वर्षें त्यांची विचारपूस झाल्यावांचून तेथला अवघड कागद पुढें सरकला नाहीं.

ह्यांतलें मर्म मला तेव्हां उमगलें नाहीं, पुढें उमगलें. कंपनी एका दिवसांत जाते, पण तिनें लोकांना दिलेलीं वचनें एका दिवसांत जात नाहींत. विम्याचें वचन वीस-तीस वर्षें चालतें, ठेवीचें पांच-दहा वर्षें, यंत्र विकणाराचें वचन तें यंत्र झिजेपर्यंत. कंपनी विकत घेणारा तिच्या मालमत्तेबरोबर तीं सारीं वचनेंही विकत घेतो. मात्र तीं कशीं पाळावयाचीं हें त्याला ठाऊक नसतें. तें ज्याला ठाऊक असतें, आणि नव्या धन्याच्या भाषेंत जो तें मांडूं शकतो, त्याचें स्थान टिकतें. दोहोंपैकीं एकच येत असेल तर टिकत नाहीं.

दादानें राजीनामा पाठविला नाहीं. त्यानें पुस्तकें आणलीं. 'समकक्ष' शब्दाचा अर्थ मीं सापळा असा लावला होता. त्यानें तो अभ्यासक्रम असा लावला. बँकवाल्यांची सी.ए.आय.आय.बी. नांवाची परीक्षा त्यानें पूर्वीं अर्धवट सोडली होती. ती देण्यासाठीं तो एक्केचाळिसाव्या वर्षीं अभ्यासाला बसला. त्याचा थोरला मुलगा त्या वर्षीं दहावीला होता. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बाप-लेक बसत, आणि वहिनी रात्रीं दोघांना एकाच भांड्यांतून चहा ओतीत. मुलाला गणितांत बापापेक्षां अधिक गुण पडले, हें तो आजही सांगतो.

दिवसा वेगळीच परीक्षा होती. जुन्या खात्यांची माहिती नव्या संगणकांत भरावयाची होती. आमच्या बाजूच्या एकेका गांवांत एकाच नांवाचे, एकाच बापाच्या नांवाचे चार-चार पाटील असतात. संगणकाला ते चारही एकच वाटत. दादा त्यांना ओळखी; एक मळ्यांतला, एक वेशींतला, एक पैलवान, आणि एक ज्याची सही नेहमीं रेघेच्या खालीं घसरते तो. तीन महिने तो त्या सभ्य तरुणाच्या शेजारीं बसून चारही पाटील वेगळे करीत होता. त्या तीन महिन्यांत तरुणाला 'आपल्याकडे नक्की कोणतं काम असतं' ह्या प्रश्नाचें उत्तर मिळालें, आणि दादाला संगणक आला. तो तरुण पुढें मोठ्या पदावर गेला. दिवाळीला त्याचा दादाला अजून फोन येतो.

दुसऱ्या वर्षीं दादानें एक टिपण लिहिलें. उसाच्या पट्ट्यांत किराणा दुकानदारांच्या हातीं पैसा येतो तो साखर कारखान्यानें शेतकऱ्यांना उसाचें बिल दिल्यावर. त्याच्याकडून दरमहा सारखा हप्ता मागितला तर तो वर्षांतले कित्येक महिने थकबाकीदार ठरतो, आणि माणूस तर सचोटीचा असतो. तेव्हां अशांचे हप्ते उसाच्या बिलांच्या वेळापत्रकाशीं जुळवावे, एवढेंच त्या टिपणांत होतें. पहिल्या खेपेला तें परत आलें. 'जुन्या बँकेंत आम्ही असें करीत होतों' हें त्यांतलें वाक्य दादानें काढून टाकलें, आणि त्या जागीं पांच वर्षांच्या वसुलीचे आंकडे घातले. दुसऱ्या खेपेला तें मंजूर झालें. म्हणणें तेंच; पण एकांत आठवण होती आणि दुसऱ्यांत पुरावा.

दादाच्या बरोबरीचे सारेच असे वागले असें नाहीं, आणि सर्वांनीं तसेंच वागावें असेंही मी म्हणणार नाहीं. एकानें नोकरी सोडली आणि बरें केलें. द्राक्षांच्या धंद्यांतली खांचखोंच त्याला ठाऊक होती, आणि तो धंदा पाटी उतरण्यापूर्वींपासून त्याच्या मनांत होता. तो रागावून गेला नाहीं, तयारीनें गेला. दुसरा राहिला, पण रोज सकाळीं 'आमच्या बँकेंत असें नव्हतें' ह्या मंत्रानें कामाला आरंभ करी. त्याचें शरीर नव्या बँकेंत होतें, मन त्या भिंतीवरच्या चौकोनांत. तिसरा त्याच्या अगदीं उलट. नव्या साहेबांना खूष करण्यासाठीं तो जुन्या बँकेची यथेच्छ निंदा करी. नव्या धन्याला जुन्याची निंदा ऐकावयास आवडते खरी. पण निंदकाच्या हातीं किल्ल्या देण्यास तो धजत नाहीं. जो काल त्यांचा नव्हता तो उद्यां आपला कशावरून?

ह्या साऱ्याची किंमत पडत नाहीं असें कोणीं समजूं नये. दादा दोन वर्षें एका लहान शाखेंत दुय्यम म्हणून राहिला. चार वर्षें मराठवाड्यांत एकटा खानावळींत जेवला. त्याच्याहून धाकटे त्याच्या वर चढले, आणि ज्या पदाचें स्वप्न त्यानें जुन्या बँकेंत पाहिलें होतें तें पद त्याला अखेरपर्यंत मिळालें नाहीं. बाजारांतून जातांना पूर्वींचा तो नमस्कारही परत आला नाहीं. आला तो निराळा. पूर्वीं लोक मॅनेजरला नमस्कार करीत. आतां दादाला करीत. पहिला खुर्चीबरोबर गेला, दुसरा निवृत्तीनंतरही चालूं आहे.

आणि पाटीचें म्हणाल, तर तिचा भरंवसा विकत घेणारानेंही धरूं नये. साताऱ्याचीच गोष्ट पाहा. चिरमुल्यांची विमा कंपनी १९५६ सालीं आयुर्विमा महामंडळांत गेली. १९३६ सालची, त्यांनींच स्थापन केलेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ सालीं आय.डी.बी.आय.मध्यें गेली. आणि जानेवारी २०१९ मध्यें त्याच आयुर्विमा महामंडळाकडे आय.डी.बी.आय. बँकेचे ५१ टक्के भाग आले! एकाच माणसानें एकाच गांवांत लावलेलीं दोन झाडें पन्नास वर्षांच्या अंतरानें दोन निरनिराळ्या बागांत गेलीं, आणि शेवटीं दोन्ही बागांना एकच कुंपण पडलें. इतिहासालाही विनोदबुद्धि असते. विकत घेणाराही कधीं ना कधीं कोणाच्या तरी हातीं जातो. तेव्हां ज्यानें आपलें सारें आयुष्य दारावरच्या पाटीला टांगलें, त्यानें तें चार खिळ्यांनाच टांगलें म्हणावयाचें.

गेल्या वर्षीं दादा निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभाहून घरीं आल्यावर त्यानें कपाटांतून एक जुनें पाकीट काढून माझ्या हातीं दिलें. आंत माझा मसुदा होता. कागद पिवळा पडला होता, पण तो अर्धविराम अजून तसाच ऐटींत उभा होता. मीं कागद उलटला. मागची बाजू आंकड्यांनीं गच्च भरली होती; चक्रवाढ व्याज, ताळेबंद, परीक्षेंतलीं जुनीं उदाहरणें. दादाला लहानपणापासून संवय. पाठकोरा कागद तो कधीं फुकट जाऊं देत नाहीं. माझ्या सुंदर इंग्रजीचा इतका चांगला उपयोग आजवर कोणीं केला नव्हता.

हें सारें आज आठवण्याचें कारण वेगळेंच आहे. मी ज्या महाविद्यालयांत सव्वीस वर्षें शिकवीत आलों तें आतां एका मोठ्या शिक्षणसमूहांत विलीन होत आहे. अभ्यासक्रम नवा, परीक्षा नव्या, माझ्या विषयाचे तास निम्मे. गेल्या सोमवारीं एक तरुण समन्वयक आले आणि त्यांनीं अतिशय सभ्यपणें मला विचारलें, "सर, आपण नक्की काय शिकवतां?"

त्या रात्रीं मीं दादाला फोन केला. वीस मिनिटें मी बोलत होतों. स्वाभिमान, परंपरा, अवमूल्यन असे पुष्कळ शब्द माझ्या बोलण्यांत आले. दादानें सारें शांतपणें ऐकून घेतलें.

"मग?" तो म्हणाला. "राजीनाम्याचं पत्र लिहून देऊं का? तुझ्याइतकं चांगलं इंग्रजी मात्र मला यायचं नाहीं."

मी हंसलों. मग फोन ठेवून मीं समूहाचा नवा अभ्यासक्रम उघडला आणि कोऱ्या कागदासाठीं टेबलाचा खण धुंडाळला. हाताला लागला तो दादानें परत केलेला मसुदा. पण त्याच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. तेव्हां दुसरा कागद घेतला.